दुर्बीणबाईचा उजवा डोळा

कापड गिरणीच्या तपासणी हॉलमध्ये तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगार वाटणारा कारकूनसुद्धा जिन्यावर दिसली की "काय दुर्बीणबाई" म्हणायचा. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण ते चिकटलं ते चिकटलंच. तिलाही राग नव्हता. उलट घरी नवऱ्यानं कधी खऱ्या नावानं हाक मारली तर तिला वाटायचं, आता हा काहीतरी मागणार.

काम असं. तपासणीचं टेबल म्हणजे खरं तर माणसाच्या उंचीचा उतरता काचेचा फळा, मागून दिवे लावलेला. वरच्या रुळावरून कापड सुटतं, फळ्यावरून घसरत खाली येतं आणि खालच्या रुळावर गुंडाळलं जातं. समोर उभं राहणाऱ्या बाईनं त्यातली गाठ, भोक, तेलाचा डाग, सुटलेला धागा हेरायचा आणि त्यावर खडूची खूण करायची. पायाशी एक पायडल असतं. दाबलं की कापड थांबतं, सोडलं की चालू.

ऐकायला सोपं आहे. पण नवी बाई आली की पहिल्या दिवशी हमखास रडकुंडीला येते. ती डोळे एका जागी रोवून उभी राहते, मग तिच्यासमोरून नुसता पांढरा लोट वाहतो, त्यात भोक काय आणि गाठ काय. चुकून एखादं भोक दिसलंच आणि तिनं पायडल दाबलं, की थांबलेलं कापड तिला सरसर वर चढताना दिसतं. ती घाबरून पायडल सोडते, कापड सुटतं, भोक खाली गुंडाळलं जातं आणि बाई हात चोळत बसते. दुर्बीणबाई अशा वेळी शेजारच्या टेबलावरून सांगायची, "कापड मुकाट उभं आहे गं. तुझं डोकंच अजून चालतंय."

तिची स्वतःची रीत वेगळी. डोळ्यानं कापडाचं बोट धरायचं आणि त्याच्याबरोबर खाली यायचं. असं केलं की कापड जागेवर उभं राहतं, चौकट तेवढी वर जायला लागते आणि एकेक धागा मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो. खाली पोचलं की एका उडीत परत वर. उडीत डोळा आंधळा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, चुकून चुकून कळलं होतं. म्हणून उडी नेहमी थोडी मागं घ्यायची, बघितलेलं चार बोटं परत बघायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हातासाठी डोळ्यानं थांबायचं नाही. भोक दिसलं की हात जाणार, खडू टेकणार, तोवर डोळा पुढच्या उतरणीला लागलेला असणार. खूण नीट पडली का, हे ती बघत नसे. ताटातला घास तोंडातच गेला का, हे कुणी बघतं का?

त्यामुळे पायडल ती जवळपास वापरतच नव्हती. तिचा ताका संपायचा तेव्हा शेजारणीचा अर्धा झालेला असायचा.

तिच्या खुणांवर ज्याचं काम चालायचं तो माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरचा कटिंग मास्तर. तपासलेला ताका त्याच्याकडे जायचा. तो खूण बघून वाईट तुकडा कापून बाजूला काढायचा आणि उरलेल्याचे नग पाडायचा. उंच, वाकलेला, बोलणं तिरकं. दोघांचं पहिल्यापासून वाकडं. तो म्हणायचा, बाई खडू नाही, कुंचला वापरते. ती म्हणायची, मास्तरला भोक दाखवलं तरी तो आधी चष्मा शोधतो. निरोप्यामार्फत चालणारं हे भांडण इतकी वर्षं चाललं होतं की मध्ये एकदा निरोप्या बदलला तर जुन्यानं नव्याला सगळे विषय समजावून दिले.

तर अशा बाईला एका सकाळी दोन किटल्या दिसल्या.

शेगडीवर चहाची किटली एकच होती. तिनं उजवीकडे कपाटाकडे बघितलं तर कपाटंही दोन, एकमेकांच्या अंगावर चढलेली. तिनं डावा डोळा मिटला. दोनाचं एक झालं, पण नवीनच खेळ सुरू झाला. उजवीकडे बघायला जावं तर सगळी भिंतच उजवीकडे सरकायची, कपाट, खिडकी, खुंटीवरची पिशवी, सगळं घेऊन. नजर परत आणली की भिंतही परत.

"अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "आपली भिंत हलते का?"

नवरा कुलपं दुरुस्त करणारा. सगळं आयुष्य बोटांनी आणि कानांनी काढलेलं, कुलपाच्या आत काय चाललंय ते डोळे मिटून सांगणारा. त्यानं भिंतीला हात लावून बघितला आणि सांगितलं की भिंत ठीक आहे, दुसरीकडे कुठंतरी बिघाड आहे. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि दुकान न उघडता तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर तरुण बाई होती, केस आखूड, बोलणं भरभर. तिनं पेन डोळ्यांसमोर इकडून तिकडे फिरवलं. डावीकडे दोन्ही डोळे गेले. उजवीकडे डावा गेला, उजवा मध्यावरच अडला, दारात अडून बसलेल्या म्हशीसारखा. मग बोटाला सुई टोचून रक्त बघितलं. साखर भलतीच वाढलेली. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेता का, असं डॉक्टरनं विचारल्यावर दुर्बीणबाईनं छताकडे बघितलं आणि नवऱ्यानं दुर्बीणबाईकडे.

डॉक्टरनं समजावून सांगितलं ते असं. उजव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूला ओढणारा जो स्नायू आहे, त्याची नस साखरेनं झोपली आहे. बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत जागी होते, साखर आवरली तर. दुर्बीणबाईनं विचारलं, ते ठीक, पण भिंत का हलते? डोळा तर हलतच नाही.

"म्हणूनच हलते," डॉक्टर म्हणाली. "एक करा. उजवा डोळा मिटा. डावा उघडा ठेवा, आणि पापणीवरून अगदी हलकं बोट लावून कोपऱ्यातून जरा ढकला."

तिनं ढकललं. अख्खी खोली हिंदकळली.

"आता बोट काढा आणि तोच डोळा आपणहून फिरवा."

खोली जागच्या जागी.

डॉक्टर म्हणाली, दोन्ही वेळा डोळा हललाच की. फरक एवढाच, की आपणहून फिरवता तेव्हा मेंदू डोळ्याला हुकूम देतो आणि त्याच वेळी स्वतःलाही सांगून ठेवतो, की आता डोळा वळणार आहे, समोरचं सरकल्यासारखं दिसलं तर मनावर घेऊ नकोस. तो तेवढं वजा करून टाकतो. म्हणून आपण दिवसभर डोळे फिरवतो आणि जग मात्र खुंट्याला बांधल्यासारखं उभं असतं. बोटानं ढकललं तर हुकूम नाही, वजाबाकीही नाही. तुमच्या उजव्या डोळ्याचं उलटं झालंय. हुकूम जातो, वजाबाकी होते, पण डोळा जातच नाही. म्हणजे जे घडलंच नाही ते वजा झालं. मग मेंदूला वाटतं, मी तर डोळा उजवीकडे नेला, तरी भिंत समोरच दिसते, म्हणजे तीही उजवीकडे पळाली असणार.

नवरा खूश झाला. म्हणाला, म्हणजे किल्ली फिरली पण आतला खटका पडला नाही. डॉक्टर म्हणाली, अगदी तसंच. उजव्या डोळ्यावर पट्टी लावा, डाव्यानं बघा, काही दिवस घरी आराम करा.

आराम म्हटल्यावर दुर्बीणबाईला आधी हॉलची मागची बाजू आठवली.

गिरणीत टेबलावरून उतरलेली बाई घडी घालायला जाते, हॉलच्या मागच्या बाजूला, जिथं खिडकी नाही. घडीचं काम वाईट असं नाही, पण तिकडे गेलेली एकही बाई परत टेबलावर आलेली तिनं पाहिली नव्हती. पाय दुखतात म्हणून गेलेली, बाळंतपणानंतर चार दिवस म्हणून गेलेली, सगळ्या अजून घड्याच घालत होत्या. आणि डोळ्यांनी अधू झालेल्या बाईला तर टेबलाजवळ कोण उभं करणार? तिनं आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती जी तिच्याइतकी चांगली कुणालाच येत नव्हती. ती हातातून गेली तर दुर्बीणबाई म्हणायचं कुणाला?

त्या संध्याकाळी ती आरसा घेऊन बसली. बिघडलेल्या डोळ्याची चाल स्वतःच बघून घ्यावी, असा विचार. आरशात एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पहिल्याकडे बघत राहिली. उजवा हललेला दिसला नाही. त्याचं काही नाही, तो झोपलेलाच. पण डावाही हलेना. कितीही वेळा बघितलं तरी दोन्ही डोळे आरशात खिळ्यानं ठोकल्यासारखे.

"अहो, डावाही गेला," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

नवरा समोर येऊन बसला. म्हणाला, बघ पुन्हा. तिनं बघितलं. तो म्हणाला, डावा तर उंदरासारखा पळतोय की. मग तो स्वतः आरशात बघायला लागला, तर त्याचेही डोळे ठोकलेले. तिनं त्याच्याकडे बघितलं, तर पळतायत. दोघं आळीपाळीनं आरसा ओढून घेत बसली. शेवटी तिच्या लक्षात आलं. उडीत डोळा आंधळा असतो, मग स्वतःची उडी स्वतःला दिसणार कशी? टेबलासमोर जे रोज होतं तेच हे. ती इतकी हसली की नवऱ्यानं आरसा काढून घेतला, फुटेल म्हणून.

पण हसण्यानं धीर आला आणि धीर आल्यावर तिनं मूर्खपणा केला. डॉक्टरनं सांगितलं होतं उजव्या डोळ्यावर पट्टी लावा. तिनं विचार केला, आळशी बैल गोठ्यात बांधून ठेवला तर तो आणखीच सुस्तावेल. त्यालाच जुंपला पाहिजे. तिनं पट्टी लावली चांगल्या डाव्या डोळ्यावर आणि चार दिवसांत कामावर हजर झाली. सुपरवायझर बाईला सांगितलं, रांजणवाडी आली आहे. सुपरवायझर वयानं लहान, दुर्बीणबाईच्याच हाताखाली शिकलेली. तिनं जपून कर म्हटलं आणि पुढं गेली.

टेबलासमोर पहिला ताका सुरू झाला तेव्हा दुर्बीणबाईच्या कपाळाला घाम फुटला. कापड वरून खाली येत होतं ते ठीक, पण नजर उजव्या काठाकडे नेली की अख्खा फळा तिकडे वाहत जायचा. ताकाभर ती दात आवळून उभी राहिली. मग हळूहळू सवय झाली. वाहतंय तर वाहू दे, धागे तर दिसतायत ना. आणि धागे दिसत होते. गाठ दिसली, हात गेला, खडू टेकला. भोक दिसलं, हात गेला. डोळा पुढं, हात मागं, नेहमीची लय. संध्याकाळी घरी जाताना ती मनात म्हणाली, बैल चालायला लागला. नवऱ्याला तर तिनं सांगितलंच नव्हतं, की पट्टीची बाजू गिरणीच्या दारात बदलते.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत कटिंग मास्तर जिना चढून वर आला.

हॉलमधल्या बायांनी पेले खाली ठेवले. मास्तर आजवर कधी वर आला नव्हता, निरोपच यायचे. त्याच्या खांद्यावर कापडाचा मोठा तुकडा होता. तो सरळ दुर्बीणबाईच्या टेबलाशी गेला, तुकडा फळ्यावर पसरला आणि बाजूला उभा राहिला.

तिनं आधी तोंड सोडलं. म्हणाली, खुणा जाड वाटत असतील तर मास्तरनं खाली कविता करत बसावं, वर येऊन इतरांचा चहा नासवू नये. त्यानं कापडाकडे बोट केलं. तिनं कापडाकडे बघितलं. खडूची खूण होती, खुणेखाली कापड धडधाकट. आणि खुणेच्या डावीकडे, चार बोटांवर, करंगळी जाईल एवढं भोक.

ती वाकली. दुसरी खूण, तीही कोऱ्या कापडावर, गाठ डावीकडे. तिसरीही तशीच.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्यावर सूड उगवताय," मास्तर म्हणाला. "चांगलं कापड कापायला लावायचं आणि भोक नगात ठेवायचं. मी सुपरवायझरकडे निघालोच होतो."

"मग?"

"मग म्हटलं, ही बाई माझ्याशी भांडेल, पण कापडाशी खोटं बोलायची नाही. म्हणून सगळे तुकडे जमिनीवर मांडले. डाव्या काठाला तुमच्या खुणा जवळपास बरोबर पडतात. जसजसं उजवीकडे जावं तसतशी खूण सरकत जाते, उजव्या काठाला चार बोटं. एकही उलट्या बाजूला नाही. तेव्हापासून मी खुणेच्या डावीकडे भोक शोधतोय. सापडतंय. पण बाई, असं किती दिवस चालायचं?"

जे डॉक्टरनं सांगितलं होतं ते आता डोक्यात नीट बसलं. डोळ्याला उजवीकडे वळायचा हुकूम जात होता आणि हाताला वाटत होतं डोळा पोचलाय. म्हणून हातही जिथं डोळा पोचलाच नव्हता तिथं जाऊन खडू टेकवून येत होता. वळून एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. पण वळून बघणं ही तिची रीत नव्हती.

तिनं सगळं सांगितलं. साखर, झोपलेली नस, चुकीच्या डोळ्यावरची पट्टी, घडीची भीती. मास्तर म्हणाला, सुपरवायझरला तुम्ही सांगताय की मी सांगू? ती म्हणाली, माझं तोंड अजून शाबूत आहे, आणि निघाली.

सुपरवायझर बाई सगळं ऐकून खुर्चीत मागं टेकली. रांजणवाडी म्हणून खोटं बोललीस याचा राग तिला आला होता आणि तो तिनं लपवला नाही. म्हणाली, आपल्याला शिकवताना हीच काकी सांगायची, की डोळा दुखत असेल तर आधी सांगायचं. दुर्बीणबाईनं मान खाली घातली, जी ती क्वचितच घालायची. मग म्हणाली, "घडीला पाठवायचं तर पाठव. पण आधी डॉक्टरनं सांगितलेल्या डोळ्यानं एक ताका बघू दे. मास्तर तपासेल. तो माझी भीड धरणार नाही."

"भीड कसली," मास्तर दारातून म्हणाला. तो मागोमाग आलाच होता.

पट्टी उजव्या डोळ्यावर गेली. एक रद्दीतला ताका लावला. कापड सुटलं आणि दुर्बीणबाईला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की फळा उभा आहे. नजर उजवीकडे नेली, फळा उभा. डावीकडे, उभा. हुकूम जात होता तिथं डोळाही जात होता, आणि हात त्या दोघांच्या मागं. तिला इतकं हलकं वाटलं की पायडलवर तिचा पाय एकदाही गेला नाही.

मास्तरनं ताका जमिनीवर उलगडला आणि गुडघे टेकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. खुणा झाडून सगळ्या दोषावर होत्या. पण उजव्या काठाला दोन गाठी तशाच सुटल्या होत्या, खूणच नाही.

"इथं चुकलात," तो म्हणाला. त्यानं खरंच भीड धरली नाही.

ती उभी राहून विचार करू लागली. मग तिनं स्वतःच्या नाकाला हात लावला. डाव्या डोळ्याला उजवीकडचं बघायचं तर मध्ये नाक येतं. दोन डोळे होते तेव्हा हे नाक कधी आडवं आलं नव्हतं. तिनं हे सांगितलं तेव्हा मास्तरला हसू आवरेना. म्हणाला, एवढं मोठं नाक सगळीकडे खुपसल्यावर हे व्हायचंच.

सुपरवायझरनं मधला मार्ग काढला. रुंद पन्ह्याचं कापड आता नाही. टॉवेलांचं टेबल अरुंद असतं, नाकाच्या आतलं. तिथं उभी राहा, डॉक्टर सांगेल तोपर्यंत, आणि गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या. टॉवेलांचं टेबल म्हणजे नवशिक्यांचं. दुर्बीणबाईनं आयुष्यभर त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. तिनं तोंड वाकडं केलं, पण मनात हिशेब केला. टॉवेलांचं असलं तरी टेबल आहे, आणि शेजारी खिडकी आहे.

घरी नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, पट्टी उलट्या डोळ्यावर लावणारी आणि उलट्या बाजूनं किल्ली घालणारी माणसं सारखीच, दोघांचीही कुलपं मी दुरुस्त करतो. आणि त्यानं चहातली साखर बंद केली, स्वतःचीसुद्धा, म्हणजे तिला चोरून प्यायला काही उरायला नको.

टॉवेलांवर ती हळूहळू रुळली. कडेच्या झालरीत अडकलेले धागे शोधण्यात एक वेगळीच मजा होती, हे तिनं कुणाला कबूल केलं नाही. दिवस गेले. उजवीकडच्या दोन भिंती जवळ येत येत एकमेकींत मिसळल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरनं पेन उजवीकडे नेलं आणि दोन्ही डोळे पेनाबरोबर गेले. भिंत जागेवरच राहिली. दुर्बीणबाई म्हणाली, पुन्हा एकदा न्या. डॉक्टरनं नेलं. ती म्हणाली, आणखी एकदा. डॉक्टर म्हणाली, मावशी, बाहेर लोक थांबलेत. ती म्हणाली, थांबू देत, भिंत आज पहिल्यांदाच थांबलीय.

सुपरवायझरनं रुंद टेबल परत दिलं तेव्हा सगळ्यांना वाटलं ती नाचत जाईल. ती गेली, पहिला ताका बघितला, खाली मास्तरकडे पाठवला आणि त्याच्याकडून एकही माणूस जिना चढून आला नाही. पण दुपारी डोळा जड झाल्यासारखा वाटला. पूर्वीची असती तर तिनं दात आवळले असते. ती सुपरवायझरकडे जाऊन म्हणाली, माझी नस आत्ताच जागी झालीय, तिला दिवसभर पळवत नाही. सकाळी रुंद कापड, दुपारनंतर टॉवेल, काही दिवस असंच ठेव.

सुपरवायझर म्हणाली, टॉवेलांवर आता नवी मुलगी घेतलीय.

"मग तिच्याशेजारी उभी राहते," दुर्बीणबाई म्हणाली. "ती कालपासून थांबलेलं कापड वर चढताना बघतेय, तिला कुणीतरी सांगायला हवं." आणि टॉवेलांच्या टेबलाकडे निघाली.